आई-बाबा भारतातून आमच्याकडे शांघायला येताहेत, एप्रिलमध्ये तीन दिवस शिआनला न्यावं का? की हांगचौ बरं?

शिआनला न्या. हांगचौ शांघायपासून गाडीने तासाभरावर, ते तुम्ही कुठल्याही रविवारी करू शकता, त्यासाठी हातातले तीन दिवस कशाला घालवायचे. तुम्ही लिहिलंय की आईचे गुडघे दुखतात, त्या शाकाहारी आहेत, वडिलांना इतिहासाची आवड आहे आणि सोबत लहान मुलगा. आमची वरात साधारण अशीच होती, मी, नवरा, आठ वर्षांची लेक आणि सिल्लोडहून आलेले माझे आई-बाबा, म्हणून जरा सविस्तर लिहिते, कंटाळा आला तर मधलं सोडून द्या.

आधी तारखेचं. चार-पाच एप्रिलच्या आसपास चिंगमिंगची सुट्टी येते, पूर्वजांच्या कबरी साफ करायचा सण, आपल्या पितृपक्षासारखं काहीतरी समजा, पण तेवढं काम उरकलं की अख्खा देश फिरायला निघतो. ते दिवस सोडून जा. आणि एक मेच्या सुट्टीत तर चुकूनही नको. आम्ही चिंगमिंग उलटल्यावर दुसऱ्या आठवड्यात गेलो. त्यामुळे छिंगलोंग मंदिरातला चेरीचा बहर हुकला, म्हणजे झाडं होती, पाकळ्या सगळ्या खाली, आई म्हणाली आपल्या प्राजक्ताचा सडा बरा, निदान वास तरी येतो. चेरीच बघायची असेल तर मार्चचा शेवटचा आठवडा धरा. आम्हाला त्याबदल्यात शिंगछिंग बागेत पिओनीची फुलं मिळाली, एकेक फूल जेवणाच्या वाटीपेक्षा मोठं, त्यात आई रमली. हवा दिवसा छान असते, संध्याकाळी मात्र गार वारा सुटतो, आईबाबांना स्वेटर लागणारच. आणि अधूनमधून धूळ, तिकडची पिवळी माती हवेतच असते, खोकला असेल तर मास्क ठेवा.

आता मातीचे सैनिक, म्हणजे चीनच्या पहिल्या सम्राटाच्या कबरीजवळ पुरलेली ती टेराकोटाची फौज. बघायचेच, त्यात वादच नाही, पण सगळी ट्रिप त्यांच्याभोवती बांधू नका. ते गावात नाहीत, पूर्वेला लिनथोंगला आहेत, जाऊन-येऊन बघून पूर्ण दिवस जातो. तिकीट ऑनलाइन, आधी, प्रत्येकाच्या पासपोर्ट नंबरवर, गेटवर पासपोर्ट लागतोच. मेट्रोच्या ९ नंबर लाइनने हुआछिंगछ स्टेशनपर्यंत जा, तिथून बस किंवा दीदी, म्हणजे अ‍ॅपवरून मागवायची टॅक्सी. हे मी आता शहाणपणाने सांगतेय, आम्ही मात्र बाहेर एक गृहस्थ म्युझियमचे फोटो लॅमिनेट करून गळ्यात अडकवून उभे होते त्यांच्या गाडीत बसलो, का तर आईला चालायला नको. त्यांनी आधी नेलं कुठल्यातरी कारखान्यात जिथे सैनिक 'बनतात', दीड तास तिथे, बाहेर पडायची वाट दुकानातूनच. आईने भिडेखातर वीतभर उंचीचा एक सैनिक घेतला, त्याचं मुंडकं हॉटेलवर पोचेपर्यंत वेगळं झालं होतं. बाबा म्हणाले, चला, अस्सल निघाला, खड्ड्यातले पण असेच फुटलेलेत.

आणि ते खरंच होतं हो. आपल्याला फोटोत सगळे रांगेत उभे दिसतात ना, ते १९७४ साली विहीर खणताना शेतकऱ्यांना सापडले तेव्हा तुकडे तुकडे होते, अजूनही बरेचसे मातीतच आहेत. पहिला खड्डा म्हणजे केवढा, २३० मीटर लांब, वर विमानाच्या हँगरसारखं छप्पर. समोरच्या कठड्याला इतकी गर्दी की आमच्या लेकीला फक्त लोकांच्या पाठी दिसल्या आणि ती रडायला लागली. तिथे दोन मिनिटं थांबून सरळ बाजूने मागच्या टोकाला चालत जा. मागे गर्दी विरळ होते आणि खरी मजा तिथे, अर्धवट जोडलेले सैनिक उभे असतात, कुणाला डोकं नाही, कुणाच्या पोटाला प्लास्टिक गुंडाळलंय, अंगावर नंबरच्या चिठ्ठ्या. लेक म्हणाली, हे आजारी सैनिकांचं हॉस्पिटल आहे, आणि मग अर्धा तास तिथून हलेना. हे सगळे मुळात रंगवलेले होते, लाल, हिरवे, जांभळे सुद्धा, पण रंगाखाली लाखेसारखा थर असतो तो मातीतून बाहेर आला की वाळून काही मिनिटांत गुंडाळतो आणि रंग घेऊन गळून पडतो. म्हणून तर सम्राटाची मुख्य कबर, दीड किलोमीटरवर जी टेकडी दिसते ना, ती अजून उघडलेलीच नाही. बाबांना हे फार पटलं. आपल्याकडे दम धरत नाहीत म्हणाले.

त्याच तिकिटात ब्राँझचे रथ पण आहेत, जरा लांब, शटल बसने जावं लागतं. आईला बाकावर बसवून आम्ही गेलो, आम्हाला आवडलं, पण पाय दुखत असतील तर सोडा.

आता ज्याच्यासाठी मी हे उत्तर लिहायला घेतलं ते. मोठ्या रानहंसाचा पॅगोडा, दायान था. प्रवासाच्या यादीत तो सगळ्यांच्या दुसऱ्या-तिसऱ्या नंबरवर असतो, आपल्या लोकांनी पहिल्या नंबरवर ठेवावा असं माझं मत. शाळेत आपण युआन श्वांग शिकलो ना, कुणी ह्युएन त्संग म्हणतं, तो चिनी भिक्षू जो सतराएक वर्षं फिरून ६४५ साली इथे परत आला, सोबत ६५७ ग्रंथ. त्या वेळी शिआनचं नाव छांगआन, तांग राजांची राजधानी. ते ग्रंथ ठेवायला ६५२ मध्ये हा पॅगोडा बांधला. नंतर पडझड झाली, पुन्हा बांधला, आज सात मजले आहेत, ६४ मीटर उंच, आणि किंचित एका बाजूला कललेला.

माझे बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत इतिहास शिकवायचे. हा माणूस पुलकेशीच्या काळात आपल्या महाराष्ट्रात येऊन गेला, इथले लोक अभिमानी आहेत, उपकार विसरत नाहीत, अपमान पण विसरत नाहीत, सूड घ्यायचा तरी आधी शत्रूला निरोप धाडतात, हे त्याने लिहून ठेवलंय, आणि डोंगरात कोरलेल्या एका विहाराचं वर्णन केलंय, बाहेर दगडी हत्ती असलेल्या, ते अजिंठा असं अभ्यासक मानतात. अजिंठा म्हणजे आमच्या सिल्लोडहून तासाभरावर, बाबा दरवर्षी सातवी-आठवीची सहल तिथेच न्यायचे आणि हत्तींपाशी पोरांना उभं करून हेच सांगायचे. तर पॅगोडा ज्या मंदिरात आहे त्याच्या दक्षिणेच्या चौकात युआन श्वांगचा मोठा पुतळा आहे, हातात दंड, पुढे चालत निघाल्यासारखा. बाबा त्याच्यासमोर उभे राहिले, चप्पल काढली, नमस्कार केला. आजूबाजूला तांग काळातले भाड्याचे झगे घालून फोटो काढणाऱ्या मुलींची ही झुंबड, त्यातली एक थांबून बघायला लागली.

आत गेटवर तिकीट तपासणाऱ्या बाईंनी विचारलं कुठले, मी म्हटलं यिन्दू. त्यांनी लगेच पुतळ्याच्या दिशेने हात करून काहीतरी भरभर सांगितलं, मला त्यातलं निम्मं कळलं, की हे इथले तुमच्याकडे गेले होते. मला तेव्हा माहीत नव्हतं, नंतर वाचलं की चिनीत भारताला जे यिन्दू म्हणतात ते नाव रूढ करणारा हाच, आधी वेगवेगळी नावं होती, त्याने हे बरोबर म्हणून ठरवलं आणि अर्थ सांगितला चंद्र. म्हणजे आपला इंदू! मी हे बाबांना रात्री हॉटेलात सांगितलं तर ते उठूनच बसले, म्हणाले इतकी वर्षं शिकवलं आणि हे राहिलं बघ. मग भारतातल्या तीन निवृत्त मास्तरांना फोन झाले, तिकडे रात्रीचे साडेआठ, इकडे अकरा.

वर चढायचं वेगळं तिकीट आहे, जिना अरुंद, आईंना नेऊ नका, खाली आवारात झाडाखाली बाक आहेत.

तटबंदी मात्र चुकवू नका. मिंग राजांच्या काळातली, पावणेचौदा किलोमीटरचा पूर्ण वेढा, वरून रस्त्यासारखी रुंद, आणि सायकली भाड्याने मिळतात. आम्ही दक्षिणेच्या दरवाजातून चढलो, दुपारी चारनंतर, नवरा पुढे, मी आणि लेक दोघींची सायकल घेऊन मागे. विटा खडबडीत आहेत, दुसऱ्या दिवशी बसायला त्रास होतो हे आधीच सांगते. आईबाबांसाठी बॅटरीची गाडी असते. वरून बाबांनी विचारलं पॅगोडा कुठेय, तर तो तटाच्या बाहेर बराच लांब दक्षिणेला. तांगांच्या वेळी तो शहराच्या आत होता! म्हणजे जुनं शहर या तटातल्या शहराच्या कितीतरी पट मोठं होतं, आपण बघतो तो नंतरचा लहान तुकडा.

खाण्याचं. शाकाहारी मिळतं, पण भाज्या दिसल्या म्हणून खाऊ नका, रस्सा हाडांचा असू शकतो. 'वो छ सू', म्हणजे मी शाकाहारी खाते, असं म्हणायचं, आणि मांस नको हे चिनीत लिहून फोनवर ठेवायचं. तुमच्या आईंना योउफो मिएन द्या. पट्ट्यासारख्या रुंद शेवया, वर लाल तिखट, लसूण, कांद्याची पात, आणि त्यावर धूर निघेपर्यंत तापवलेलं तेल ओततात, चर्रर्र आवाज येतो. आईने वास घेतला आणि म्हणाली, अगं ही तर आपली तिखटावरची फोडणी. तीन दिवसांत चारदा खाल्लं तिने. लिआंगफी पण चालतं, गार शेवया, आंबट-तिखट. मुलांना मुस्लिम मोहल्ल्यात पर्सिमॉन या फळाच्या तळलेल्या गोड टिक्क्या मिळतात. त्या मोहल्ल्यात डुक्कर नसतं, तुमच्यात कुणी मटण खाणारं असेल तर तिथेच खावं.

बाबांसाठी पाओमो. एक वाडगा आणि जाड कडक पाव आणून ठेवतात, तो आपणच हाताने कुस्करायचा, मग वाडगा आत जातो आणि मटणाच्या रश्श्यात शिजून परत येतो. बाबांना कुस्करणं काय शिकवायचं, भाकरी कुस्करण्यात जन्म गेला, दोन मिनिटांत मोकळे. शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनी वाडग्यात डोकावून मान हलवली, आपलं नख दाखवलं, एवढे बारीक करा म्हणून, आणि बाबांचे तुकडे उचलून स्वतःच करायला बसले. दोघं म्हातारे वीस मिनिटं एक शब्द न बोलता पाव कुस्करत बसले होते. आमची जेवणं होऊन गेली तरी यांचं चालूच.

हुआशानचा डोंगर कुणी सुचवेल, आईंच्या गुडघ्यांचा विचार करून नाहीच म्हणा. रात्रीचा तो दिव्यांचा मोठा रस्ता, पॅगोड्याच्या दक्षिणेला, एक चक्कर ठीक आहे, गर्दीत मुलाचा हात सोडू नका एवढंच.

गाडी शांघाय होंगछाओहून शिआन उत्तर, सहा-सात तासांची बघून घ्या, थांबे जास्त असलेली नको. तिकीट पंधरा दिवस आधी उघडतं, नाव पासपोर्टवर आहे तसंच टाका, बाबांच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा होता त्यात आमचा एक अख्खा तास गेला होता. डब्यात उकळतं पाणी फुकट असतं, चहाची पूड आणि दुधाची पावडर पिशवीत वरच ठेवा.