टॅरँट्युला पाळायचा आहे, पण तो हातावर घ्यायचा का?

तुमच्या प्रश्नात तीन गोष्टी एकत्र आल्या आहेत: पहिला टॅरँट्युला कोणता घ्यावा, कोथरूडमधील तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये तो कसा सांभाळावा आणि त्याला हातावर बसण्याची सवय कशी लावावी. शेवटची गोष्ट तुम्ही एका ओळीत विचारली आहे. मी मात्र तिथूनच सुरुवात करतो, कारण तिचा निकाल लागला की कोळ्याची जात, पेटी आणि जागा यांची निवड बरीचशी आपोआप होते.

टॅरँट्युलाला माणसाच्या हाताची सवय लागत नाही. चित्रफितींमध्ये जो कोळी तळहातावर शांत बसलेला दिसतो, तो माणसाळलेला नसतो. त्या क्षणी त्याला पळण्याचे किंवा चावण्याचे कारण मिळालेले नसते, एवढेच. हात हा त्याच्या दृष्टीने एक उबदार, हलणारा पृष्ठभाग असतो आणि त्यावर अचानक फुंकर बसली, दार आपटले किंवा बोट हलले, की तो निमिषार्धात खांद्यापर्यंत धावतो किंवा खाली पडतो. या पडण्याचीच मला खरी भीती वाटते. जमिनीवर राहणाऱ्या जातींचे उदर जड आणि त्याची त्वचा पातळ असते. उभ्या माणसाच्या हातातून असा कोळी फरशीवर पडला, तर उदर फाटून आतला द्रव वाहून जातो आणि बहुतेक वेळा तो वाचत नाही. शिवाय हा द्रव केवळ रक्ताचे काम करत नाही. कोळ्याच्या पायांतील काही सांधे मिटण्यासाठी स्नायू असतात, पण ते ताठ करण्यासाठी नसतात. ते काम द्रवाच्या दाबावर चालते. म्हणून मरणाऱ्या किंवा पाण्याविना सुकत चाललेल्या कोळ्याचे पाय पोटाखाली मुडपले जातात. हे लक्षण आत्ताच ध्यानात ठेवा, पुढे कात टाकण्याच्या प्रसंगी ते उपयोगी पडेल.

माणसाच्या बाजूनेही विचार करावा लागतो. अमेरिका खंडातील बहुतेक जातींच्या उदरावर दाहक केस असतात आणि धोका वाटल्यास मागच्या पायांनी उदर घासून कोळी ते हवेत उडवतो. त्वचेवर पडल्यास काही तास किंवा काही दिवस खाज सुटते, परंतु ते डोळ्यात गेले तर पारपटलात (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यात) रुतून दीर्घकाळ दाह होतो आणि नेत्रतज्ज्ञांकडे जाण्यावाचून इलाज राहत नाही. त्यामुळे पेटी उघडताना तोंड तिच्यावर नेऊ नये, शक्यतो चष्मा घालावा आणि काम झाल्यावर हात साबणाने धुतल्याशिवाय डोळे चोळू नयेत. कोळ्याने काहीच केले नाही, तरी पेटीतील मातीत आणि जाळ्यात हे केस पडलेले असतातच.

कोळी हलवावा लागतो तो पेटी बदलताना, आणि त्यासाठी हात लावण्याची गरज नसते. चित्रकलेचा मऊ ब्रश, एक पारदर्शक प्लास्टिकचा पेला आणि एक जाड पुठ्ठा पुरेसा होतो. जुनी आणि नवी अशा दोन्ही पेट्या जमिनीवर एका मोठ्या टबमध्ये ठेवाव्यात, खोलीचे दार लावून पंखा बंद करावा आणि कोळ्याच्या समोर पेला आडवा धरून मागच्या पायांना ब्रशने हलकेच स्पर्श करावा. तो दोन पावले पुढे सरकतो, थांबतो, पुढच्या पायांनी पेल्याची कड चाचपतो आणि मग आत जातो. घाई केली नाही तर हे काम पाच मिनिटांचे आहे. ब्रश लागताच त्याने पुढचे दोन पाय उंच करून सुळे दाखवले, तर झाकण लावावे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहावे. एवढे सांगूनही कधी तरी हातावर घेण्याचा मोह झालाच, तर निदान जमिनीवर गादी टाकून, तिच्यावर बसून, हात गादीपासून वीतभर उंचीवर ठेवावा. त्यात कोळ्याला काही मिळत नाही, हे माझे मत तरीही कायम राहील.

आता जातीविषयी. तुम्हाला देऊ केलेले दोन्ही कोळी, म्हणजे ‘गुटी निळा’ आणि मुळशीच्या बाजूला रानातून धरलेला मोठा कोळी, घेऊ नयेत. गुटीचे शास्त्रीय नाव पोइसिलोथेरिया मेटॅलिका. आंध्र प्रदेशातील गुटी येथील रेल्वेच्या लाकूड वखारीत सापडलेल्या नमुन्यावरून ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ पोकॉक यांनी 1899 मध्ये त्याचे वर्णन केले आणि त्यानंतर शंभर वर्षे तो कोणाला सापडल्याची नोंद नव्हती. 2001 मध्ये तो नल्लमलाच्या जंगलपट्ट्यात पुन्हा आढळला. तो मुलूख इतका लहान आणि तेथील वृक्षतोड इतकी, की आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने 2008 मध्ये त्याला अतिधोक्यातील जातींमध्ये गणले. आपल्या सह्याद्रीतही पोइसिलोथेरिया रेगॅलिस आणि कायलोब्रॅकिस फिम्ब्रिएटससारखे देखणे टॅरँट्युला आहेत. ते पावसाळ्याच्या सुरुवातीला रात्री बॅटरी घेऊन झाडाच्या ढोलीत आणि बांधाच्या बिळात पाहावेत व तिथेच राहू द्यावेत. रानातून प्राणी उचलणे गैर आहेच, पण नवशिक्याच्या दृष्टीनेही या जाती चुकीच्या आहेत. आशिया आणि आफ्रिकेतील टॅरँट्युलांकडे दाहक केस नसतात, म्हणून स्वसंरक्षणासाठी ते वेगावर आणि सुळ्यांवर विसंबतात. पोइसिलोथेरियाच्या दंशाने मृत्यू झाल्याची नोंद नसली, तरी स्नायूंना येणारे तीव्र पेटके कित्येक दिवस टिकू शकतात.

पहिल्यासाठी मी ट्लिलटोकॅट्ल अल्बोपिलोसस, म्हणजे कुरळ्या केसांचा टॅरँट्युला, सुचवेन. तो संथ, काटक आणि खाण्यात फारसे नखरे न करणारा आहे. ग्रामोस्टोला पुल्क्रिपेस हा दुसरा चांगला पर्याय. लाल गुडघ्यांचा मेक्सिकन, म्हणजे ब्रॅकीपेल्मा हॅमोरी, सर्वांना हवा असतो. तो सुंदर आहे, पण केस उडवण्यात हात आखडता घेत नाही. विक्रेता त्याला ‘स्मिथी’ म्हणाला तर लगेच लबाड ठरवू नका, कारण 2017 मध्ये या दोन जातींची नीट फोड होईपर्यंत बाजारातील बहुतेक हॅमोरी स्मिथी या नावानेच विकले जात होते.

खरेदीपूर्वी कायद्याची बाजू पाहणे अपरिहार्य आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 मध्ये 2022 साली दुरुस्ती झाली आणि ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली. तिच्यानुसार ‘साइटीस’ या, वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरील करारातील परिशिष्टांत असलेले परदेशी प्राणी चौथ्या अनुसूचीत आले आणि 2024 च्या नियमांनुसार अशा जिवंत प्राण्याची नोंदणी केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर करावी लागते. प्राणी ताब्यात आल्यापासून तीस दिवसांची मुदत असते. ब्रॅकीपेल्मा आणि तिच्यातून वेगळी काढलेली ट्लिलटोकॅट्ल या दोन्ही प्रजाती (म्हणजे जातींचे गट) दुसऱ्या परिशिष्टात आहेत. या याद्या अधूनमधून बदलतात, म्हणून कोणतीही परदेशी जात घेताना ती त्या दिवशी यादीत आहे का, हे वन विभागाच्या कार्यालयात विचारून घ्यावे. जो विक्रेता ‘कागदांचे काही नाही, सगळेच असे घेतात’ म्हणतो, त्याच्याकडून काहीही घेऊ नये.

पेटीबाबत लोक उगाच पैसे उधळतात. प्रौढ कोळ्याला पायांच्या पसाऱ्याच्या अडीच-तीन पट लांबीची पेटी पुरते. पाच-सहा इंचांच्या कोळ्याला साधारण सव्वा फूट लांब. उंची मात्र बेताचीच हवी: मातीच्या पृष्ठभागापासून झाकणापर्यंतचे अंतर पायांच्या पसाऱ्याच्या दीडपटीहून जास्त नसावे, कारण पडण्याचा धोका पेटीतही असतो. झाकणाला तारेची जाळी नको, तिच्यात पायांची नखे अडकतात. बोहरी आळीत मिळणाऱ्या पारदर्शक प्लास्टिकच्या डब्याला बाजूंनी तापलेल्या सळईने छिद्रे पाडली आणि आतील कडा घासून गुळगुळीत केल्या, की लहान कोळ्याचे घर तयार होते. तळाला खत न मिसळलेल्या कोकोपीटचा (नारळाच्या काथ्याच्या भुशाचा) चार-पाच इंचांचा दाबून बसवलेला थर द्यावा, लपायला अर्धी करवंटी पालथी ठेवावी आणि पाण्याची उथळ वाटी ठेवावी. वाटीत स्पंज घालू नये, तो फक्त कुजतो.

पुण्याची हवा या प्राण्यांना एकूण मानवते, पण वर्षातून दोनदा सावध राहावे लागते. मार्च ते मे हा कोरडा काळ. एप्रिलमध्ये बाहेर पारा चाळिशीला टेकतो आणि दुपारी हवेत ओलावा जवळजवळ उरत नाही. पेटी पश्चिमेच्या भिंतीपासून आणि खिडकीतील उन्हापासून दूर, फरशीलगतच्या कप्प्यात ठेवावी, कारण एकाच खोलीत वरच्या फळीपेक्षा खाली हवा थंड असते. पाण्याची वाटी भरताना ती थोडी ओसंडू द्यावी, म्हणजे एका कोपऱ्यात ओल राहते आणि कोळी आपली जागा स्वतः निवडतो. जून ते सप्टेंबर अडचण उलट असते: कोकोपीट वाळत नाही, बुरशी धरते, उरलेल्या भक्ष्यावर बारीक माश्या आणि किडे येतात. तेव्हा वरून पाणी शिंपडणे पूर्ण बंद करावे आणि उष्टे दुसऱ्याच दिवशी काढावे. थंडीची काळजी करू नये. बाहेर दहा अंश असले तरी घरात अठरा-वीस असतात आणि तेवढे पुरते. उष्णतेचे दिवे आणि गाद्या पेटी सुकवतात. त्या पुण्यात निरुपयोगी आहेत.

हवेपेक्षा मोठा शत्रू मात्र घरातच असतो, तो म्हणजे कीटकनाशक. डास घालवणाऱ्या द्रवाच्या यंत्रांत, झुरळांच्या फवाऱ्यात आणि खडूत जी द्रव्ये असतात, ती कीटकांइतकीच कोळ्यालाही मारक आहेत. ज्या खोलीत असे यंत्र लावले जाते, तिथे पेटी ठेवू नये. डेंग्यूच्या दिवसांत महापालिकेची धूरफवारणी गल्लीत आली की खिडक्या लावून घ्याव्यात. सोसायटीत पेस्ट कंट्रोल होणार असेल, तर पेटी काही दिवस मित्राच्या घरी हलवावी. घरातील झुरळ पकडून कोळ्याला घालण्याची कल्पना अनेकांना सुचते. तेही याच कारणासाठी टाळावे. याच कारणाने लाल मुंग्यांवर औषध वापरता येत नसल्याने पेटी चार पायांच्या लहान स्टुलावर ठेवून पायांखाली पाण्याच्या वाट्या द्याव्यात. आजीच्या दुधाच्या कपाटाखाली असत तशाच.

खाण्याचे फारसे काही नाही. प्रौढाला दहा-पंधरा दिवसांतून एक पाळीव रातकिडा किंवा दोन-तीन मीलवर्म (भुंग्याच्या अळ्या), पिल्लाला आठवड्यातून दोनदा अगदी लहान तुकडा. भक्ष्य कोळ्याच्या उदरापेक्षा मोठे नसावे. तो महिना-दोन महिने जेवला नाही तर घाबरू नये. ग्रामोस्टोला तर याहून कितीतरी अधिक काळ उपास काढतात.

उपासाचे एक कारण कात टाकणे हे असते आणि नवशिका सर्वाधिक घाबरतो तोही याच वेळी. आधी रंग मळकट होतो, उदरावर केस गेलेला भाग असेल तर तो काळसर व तुकतुकीत दिसू लागतो, आणि मग एके दिवशी कोळी जाळ्याच्या चादरीवर पाठीवर पडलेला दिसतो. तो मेलेला नसतो. मेलेला कोळी बहुधा उभाच, पाय पोटाखाली ओढून असतो. पाठीवर पडलेला कोळी काम करत असतो. शिरोवक्षावरील (डोके आणि छाती मिळून झालेल्या पुढच्या भागावरील) कवच झाकणासारखे सुटते आणि मग लयीत हलत एकेक पाय जुन्या सालीतून बाहेर येतो: फिकट, ओला, मऊ. यास काही तास लागू शकतात. या काळात पेटी हलवू नये, फुंकर घालू नये, ‘मदत’ तर मुळीच करू नये. पेटीत जिवंत रातकिडा मात्र राहिलेला नसावा, कारण मऊ पडलेल्या कोळ्याला तोच कुरतडतो. नंतर सुळे आधी पांढरे, मग लालसर आणि शेवटी काळे होतात. काळे होईपर्यंत, म्हणजे प्रौढाच्या बाबतीत दहा-बारा दिवस, खायला देऊ नये, पाणी भरलेले ठेवावे. टाकलेली कात मऊ असतानाच साबणाच्या थेंबभर पाण्यात उलगडून ठेवली, तर उदराच्या आतील बाजूस शुक्रकोशिका (मादीची शुक्र साठवणारी पिशवी) दिसते की नाही, यावरून नर-मादी ओळखता येते.

तो फरक क्षुल्लक नाही. नर वयात आल्यावर साधारण वर्ष-दोन वर्षांत मरतो. ब्रॅकीपेल्माची मादी वीस वर्षांहून अधिक जगू शकते. आईचा आक्षेप सध्या ‘घरात विषारी किडा नको’ एवढाच असल्याचे तुम्ही लिहिले आहे आणि त्याचे उत्तर घट्ट, कुलूपबंद झाकणाने देता येईल. पण तुम्ही पदवीनंतर एमएससाठी बाहेर जाण्याचेही लिहिले आहे. तेव्हा ती मादी पाच-सहा वर्षांची असेल, वाटी भरणे आणि डासांचे यंत्र त्या खोलीत न लावणे हे काम आई-वडिलांवर येईल. त्यांना ते मान्य आहे का, हे पिल्लू घरी आणण्याआधीच विचारून घ्या. दुसऱ्या कोणाकडे देण्याची वेळ आली, तर नोंदणी झालेल्या प्राण्याच्या हस्तांतराची माहितीही ‘परिवेश’वर द्यावी लागते, त्यामुळे ते काम विमानाच्या आदल्या रात्रीवर ठेवू नका.