आरपी असलेल्या बहिणीसाठी नोकरी कुठे शोधायची: जरा लांबलचक उत्तर

दादा, तुम्ही लिहिलंय की बहिणीला आरपी, म्हणजे रेटिनायटिस पिगमेंटोसा हा डोळ्याच्या पडद्याचा आजार आहे, नजर कमी होत चाललीय, बीकॉम झालंय, कोथरूडला राहता आणि गुगल केलं की नुसत्या घरबसल्या डेटा एन्ट्रीच्या जाहिराती येतात, मग खऱ्या नोकऱ्या असतात कुठे? मलाही लो व्हिजन आहे, खराडीत एका कंपनीत बरीच वर्षं बिलं आणि पेमेंटचं काम करते, म्हणून सविस्तरच लिहिते.

पोर्टलची नावं सांगतेच, पण त्याआधी एक, जे काही अकाउंट उघडायचं ते तिचं तिने उघडायचं. ईमेल तिचा, ओटीपी तिच्या फोनवर, पासवर्ड तिलाच माहीत. घरचे प्रेमाने सगळे फॉर्म भरून देतात आणि मग एचआरचा फोन येतो तेव्हा मुलीला माहीतच नसतं आपण कुठे आणि कशासाठी अर्ज केलाय, हे मी कितीतरी घरांत बघितलंय. चित्रातला कॅप्चा आला तर तेवढा वाचून द्या, बाकी तिला करू द्या, वेळ लागला तरी चालेल.

हे जमायला तिला स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर, यायलाच हवा आणि आत्ता थोडं दिसतंय तेव्हाच शिकायला हवा, ही गोष्ट कृपा करून पुढे ढकलू नका. लॅपटॉपवर एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर टाका, पूर्ण फुकट आहे, ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी 2006 मध्ये सुरू केलेला प्रोजेक्ट आहे. मराठीही वाचतो, आवाज जरा यंत्रासारखा वाटतो पण कानाला सवय होते. अँड्रॉइड फोनवर टॉकबॅक हा स्क्रीन रीडर असतोच. मुख्य म्हणजे न बघता टायपिंग आणि एक्सेल माऊसशिवाय, बीकॉमच्या मुलीला हे आलं तर टेलिकॉलिंगच्या पलीकडचे दरवाजे उघडतात. आपल्याकडे नजर कमी म्हटलं की सगळे टेलिकॉलिंगकडेच ढकलतात याचा मला खरंच राग येतो. शिकायला पुण्यात पूना ब्लाइंड मेन्स असोसिएशन आहे, विद्यानगरला निवांत नावाची संस्था आहे, दोन्हीकडे जाऊन भेटा, फोनवर अर्धंच कळतं.

आता यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र. स्वावलंबन कार्डच्या सरकारी साइटवर अर्ज करायचा, मग तपासणीसाठी ससून नाहीतर औंधचं जिल्हा रुग्णालय. इथे आरपीवाल्यांनी एक गोष्ट सांभाळायची. आरपीत बऱ्याचदा समोरचा तक्ता ठीकठाक वाचता येतो पण बाजूचं दिसत नाही, मग नुसता तक्ता बघून दिव्यांगत्वाचे टक्के कमी लागतात. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात लो व्हिजनच्या व्याख्येत फील्डही, म्हणजे नजरेचा आवाकाही धरलाय, 40 अंशांपेक्षा कमी असेल तर लो व्हिजन आणि 10 पेक्षा कमी असेल तर अंधत्व. म्हणून पेरिमेट्रीचा, म्हणजे हा आवाका मोजणाऱ्या तपासणीचा ताजा रिपोर्ट बरोबर न्या आणि डॉक्टरांना तो बघायला सांगा, लाजू नका. आरक्षणासाठी किमान 40 टक्के लागतात, सगळं त्यावर अडतं.

पोर्टल. सरकारी म्हणजे नॅशनल करिअर सर्व्हिस, राज्याचं महास्वयम आणि केंद्राच्या दिव्यांग विभागाचं पीएम-दक्ष, त्यात दिव्यांगजन रोजगार सेतू नावाचा भाग आहे तिथे नोकऱ्या असतात. ही तिन्ही फुकट, नोंदणी करून ठेवा पण नुसती वाट बघत बसू नका. खास दिव्यांगांसाठी म्हणाल तर स्वराजॲबिलिटी आणि अटिपिकल ॲडव्हान्टेज बघा, शिवाय सार्थक आणि बंगळुरूची इनेबल इंडिया या संस्था ट्रेनिंगही देतात आणि नोकरीशी गाठही घालून देतात. या संस्थांचा खरा फायदा असा की मध्ये एक माणूस असतो, जो कंपनीला समजावू शकतो की स्क्रीन रीडरवर हे काम होतं.

पण फक्त दिव्यांगांसाठी अशी पाटी असलेल्या साइटवरच थांबू नका, खूप जण तिथेच अडकतात. नौकरी आणि लिंक्डइनवर अकाउंट्स पेयेबल, रिकन्सिलिएशन, जीएसटी असं कामाच्या नावाने शोधू दे तिला. आणि एखादी कंपनी आवडली की तिच्या वेबसाइटवर समान संधी धोरण शोधायचं. कायद्याने हे धोरण प्रत्येक आस्थापनेला करावंच लागतं, खाजगी असली तरी, आणि 20 किंवा जास्त कर्मचारी असतील तर दिव्यांगांसाठी योग्य पदं कोणती, सोयी काय आणि संपर्क अधिकारी कोण हेही त्यात हवं. ज्यांनी ते नीट लिहिलंय तिथे थेट मेल टाका, असा मेल एचआरच्या ढिगात हरवत नाही.

सरकारी परीक्षा द्यायच्या असतील तर थोडक्यात, दिव्यांगांच्या 4 टक्के आरक्षणात 1 टक्का अंध आणि लो व्हिजनसाठी, केंद्राच्या भरतीत वयात 10 वर्षं सूट, लेखनिक घेता येतो, तासाला 20 मिनिटं जास्त. जाहिरातीत त्या पदापुढे एलव्ही (लो व्हिजन) लिहिलंय का ते आधी बघायचं.

मुलाखतीच्या आधी बऱ्याच कंपन्या ऑनलाइन टेस्ट घेतात आणि ती स्क्रीन रीडरवर चालेलच असं नाही. टेस्टचा मेल आला की त्याच दिवशी उत्तर द्यायचं, की मी एनव्हीडीए वापरते, ही टेस्ट कीबोर्डने देता येईल का, नसेल तर दुसरी पद्धत किंवा जास्त वेळ मिळेल का. आजाराची कहाणी नको, काय लागेल ते दोन ओळींत. काय मागायचं हेच सुचत नसेल तर अमेरिकेतल्या जॉब अकोमोडेशन नेटवर्कची साइट वाचा, अपंगत्वाच्या प्रकाराप्रमाणे कामाच्या जागी काय काय सोयी करता येतात ते तिथे लिहिलंय. कायदा त्यांचा वेगळा पण कल्पना इथेही चालतात.

घरबसल्या डेटा एन्ट्रीच्या ज्या जाहिराती येतायत त्यात नोंदणी फी, किट किंवा डिपॉझिट मागितलं की विषय संपला. काही जण आधी करार सही करून घेतात, मग काम चुकलं म्हणत वकिलाच्या नोटिशीची धमकी देऊन पैसे उकळतात. असं झालं तर घाबरून भरू नका, 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

आणि फक्त वर्क फ्रॉम होमच हवं असं धरून बसू नका हो. पहिल्या नोकरीत माणसांत बसून जे शिकायला मिळतं ते घरी नाही मिळत. वनाझ ते रामवाडी मेट्रो तुमच्या जवळच आहे, स्टेशनवर लिफ्ट आहेत, सुरुवातीला काही दिवस तुम्ही बरोबर जा. फक्त आरपीत अंधारात जास्त त्रास होतो, म्हणून शिफ्ट किती वाजता सुटते आणि कंपनीची कॅब आहे का हे ऑफर घेण्याआधी तिने विचारायचं.

सीव्ही तयार झाला की नाव-नंबर काढून तिला इथे टाकायला सांगा, मी बघून सुचवते. आणि सध्या एक्सेल किती येतं तेही लिहू दे, त्यावरून कुठल्या पदांना अर्ज करायचा ते नीट सांगता येईल.