ट्रक आणि माल चढवायच्या धक्क्यामध्ये वडिलांचा पाय सापडला, ठेकेदार वीस हजार देऊन सही मागतोय. काय करावं?

सही करू नका. वडील बेळगावच्या गोडाऊनात ठेकेदाराकडं हमाल आहेत आणि अजून पलंगावरच आहेत असं तुम्ही लिहिलंय. एवढ्यात हिशोब मिटवायची घाई ठेकेदाराला आहे, तुम्हाला कशाला?

मी निपाणीत तंबाखूच्या वखारीत अठरा वर्षं दिवाणजी होतो. ट्रक मागं येताना किन्नर, म्हणजे ट्रकवरचा क्लीनर, एका बाजूनं "येऊ दे, येऊ दे" ओरडतो, हमाल फळी टाकायच्या घाईत बरोबर मागं उभा, ड्रायव्हरला तो आरशात दिसतच नाही. फाळका, म्हणजे ट्रकची मागची फळी, आणि धक्का यांत वीतभर जागा उरते. आमच्या एका हमालाची मांडी तिथंच सापडली. दवाखान्यात ड्रायव्हरनंच नेलं. महिन्यानं केसपेपर वाचून घेतला तर त्यावर कन्नडमध्ये 'मनेयल्ली जारी बिद्दिद्दारे', म्हणजे घरी घसरून पडले! मराठी शाळा शिकलेला माणूस, त्याला काय कळणार? मलाही उशिराच सुचलं. भरपाई मागताना ती एक ओळ निस्तरण्यातच त्याचे दिवस गेले. तुम्ही आजच केसपेपर आणि पोलिसांचा कागद कन्नड येणाऱ्याकडून वाचून घ्या.

कोल्हापूरकडचे पाहुणे "माथाडी बोर्डात जा" म्हणतील. तो हमालांसाठीचा 1969 चा माथाडी कायदा महाराष्ट्राचा, बेळगावात लागू नाही. इथं कामगार भरपाईचा केंद्राचा कायदा चालतो, पूर्वीचा 1923 चा, आता सामाजिक सुरक्षा संहितेत गेलेला. माणूस ठेकेदाराचा असला तरी भरपाई गोडाऊन मालकाकडून मागता येते, मालकानं ती ठेकेदाराकडून वसूल करावी. हक्क सोडल्याची सही कायद्यात टिकत नाही, पण तोच कागद नाचवून वर्षभर फिरवतात. दाव्याला मुदत दोन वर्षं.

पगारातून ईएसआय, म्हणजे कामगार राज्य विमा महामंडळाची वर्गणी, कापत असतील तर वाट वेगळी, मग पैसे त्या महामंडळाकडून मिळतात. नसेल कापत, तर ट्रकच्या विम्यावर मोटार अपघाताचा दावाही होऊ शकतो, त्याला सहा महिनेच धरून चाला. मालकाकडून आणि ट्रकच्या विम्यातून, दोन्हीकडून मात्र मिळत नाही, कुठली वाट धरायची ते वकिलाला विचारूनच ठरवा.

आणि त्या दिवशी सोबत असलेल्या हमालांची नावं, गाव, फोन नंबर आजच लिहून घ्या, ट्रकच्या नंबरासकट. सीझन संपला की ही माणसं गावाकडं निघून जातात.