सरासरीतली दोन डोकी

निपाणीहून एका वाचकाने विचारलंय : "'जिवाणूने निर्णय घेतला' असं वाचलं. मेंदूच नाही, तर निर्णय कसला? आणि त्याच लेखात जिवाणूचं 'सरासरीकडे परतणं' होतं, तो शब्दप्रयोग बरोबर का?"

दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण त्या शब्दप्रयोगाने हल्ली वैताग आणलाय. चिकोडी-गोकाककडे एका वर्षी उसाचं टनेज चांगलं लागलं की पुढच्या वर्षाबद्दल लगेच, "आता सरासरी खाली ओढणार बघा." सरासरी काय बैल आहे ओढायला? चांगल्या वर्षात मेहनतीबरोबर नशिबाचं दानही असतं. ते पुन्हा तसंच पडेलच असं नाही, म्हणून पुढचा आकडा बहुधा मधल्याच्या जवळ येतो. बस्स. फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८८६ मध्ये २०५ जोडप्यांच्या आणि त्यांच्या ९२८ मोठ्या मुलांच्या उंच्या मांडल्या, तेव्हा मुलांचं सरासरीपासूनचं अंतर आईबापांच्या अंतराच्या दोन तृतीयांश निघालं. पण उलटून पाहा : फार उंच मुलं निवडली तर त्यांचे आईबापही त्यांच्यापेक्षा सरासरीच्या जवळ सापडतात. ओढणारं कोणी असेल, तर ते मुलांकडून बापाकडेही ओढतं की काय?

आता 'सरासरी' हा शब्द. आपल्याकडे काही मंडळी छातीठोक सांगतात की तो कन्नड 'सरि'वरून आला. कन्नडमध्ये 'सरासरि' आहे आणि 'सरि' म्हणजे ठीक, बरोबर, झाली व्युत्पत्ती! दुसरा पक्ष उसाच्या सरीतून तो उगवल्याचं सांगतो. दोघांनाही मधला 'आ' दिसत नाही. तो फारसीचा सांधा आहे : लब-आ-लब, ओठापासून ओठापर्यंत, म्हणजे काठोकाठ. तसंच सर-आ-सर : डोक्यापासून डोक्यापर्यंत, या टोकापासून त्या टोकापर्यंत. कन्नडनेही तो तिथूनच उचलला. आणि ज्या 'बरोबर'ने 'सरि'चा अर्थ सांगतात, तोही याच साच्यातला : बर-आ-बर, छातीला छाती! फारसी 'सर' आणि संस्कृत 'शिरस्' ही सख्खी भावंडं. माझं तर मत असं की टोकापासून टोकापर्यंत सगळं एकदम नजरेखाली घालायचं, यातूनच पुढे 'सगळ्यांचं मिळून मधलं' हा अर्थ आला. 'दरडोई उत्पन्न' म्हणताना आपणही डोकीच मोजतो.

म्हणजे ज्या जिवाला एकही डोकं नाही, त्याला लावायच्या शब्दात दोन! आणि तरी तो शोभतो. ई. कोलाय जिवाणू काही वेळ सरळ पोहतो, मग कोलांटी मारून भलत्याच दिशेला तोंड करतो. अन्नाकडे वळणं त्याला जमत नाही. बरं चाललं असेल तर कोलांटी लांबवतो, एवढंच. बरं चाललंय हे कळायला तो गेल्या सुमारे एका सेकंदाचा अनुभव त्याआधीच्या तीनेक सेकंदांशी ताडून पाहतो. अन्नाचे रेणू येऊन आदळतात ते बेभरवशाने. एखाद्या क्षणाच्या चढ्या मोजणीवर भिस्त ठेवली तर पुढची मोजणी बहुधा उतरायची. म्हणून क्षणांची सरासरी. मात्र अन्न सगळीकडे सारखं वाढलं की थोड्या वेळात कोलांट्यांचा वेग पूर्वपदावर येतो, त्याला तुमच्या लेखकाने 'सरासरीकडे परतणं' म्हटलं असेल तर ती सरळ चूक. ते परतणं खरोखर घडवून आणलेलं असतं : पेशीतली विकरं (एन्झाइम) संवेदकांवर मिथाइल गट, म्हणजे छोटे रासायनिक तुकडे, चढवतात-उतरवतात. आकड्यांच्या योगायोगाशी त्याचा संबंध नाही.

राहिला निर्णय. 'निर्णय'मध्ये 'नी' धातू आहे, नेणे. मेंदूची अट त्यात कुठेही नाही. शब्द बिनदिक्कत वापरा. खटकतं ते 'घेतला'. आपल्या वाड्यातल्या भांडणाचा निर्णय पूर्वी कुणी 'घेत' नसे, तो व्हायचा किंवा लागायचा. जिवाणूचाही तसाच 'होतो' लिहा.