वडील काँगोतल्या यूएन मिशनवरून आल्यापासून रात्री झोपत नाहीत. अनुभव लिहून काढले तर खरंच फरक पडतो का?

पडतो. पण त्यांना नुसतं "काँगोबद्दल लिहा" म्हणू नका. ते कंपनी, तारीख, हवामान आणि लंगरातलं जेवण लिहितील आणि वही मिटतील. मी तेच केलं होतं.

मी कोरेगाव तालुक्यातला, हवालदार म्हणून निवृत्त झालो. डिसेंबर २०१३ मध्ये यूएन मिशनवर दक्षिण सुदानात मलाकलला होतो. पांढऱ्या नाईलच्या काठावरचं शहर. माती आपल्या कृष्णाकाठच्या रानासारखी काळी, पावसात बूट ओढून घेणारी. १५ डिसेंबरला राजधानी जुबात गोळीबार सुरू झाला आणि नवव्या दिवशी लढाई मलाकलमध्ये आली.

लोक आमच्या तळाकडे पळत आले. डोक्यावर गाद्या, कोंबड्या, पलंगाच्या लोखंडी चौकटी, पाठीला मुलं. हजारो माणसं. हुकूम असा होता की सगळ्यांना आत घ्यायचं, हत्यार मात्र बाहेर ठेवायचं. तो हुकूम बरोबर होता, हे मी आजही छातीठोकपणे सांगेन. आत नुएर होते, डिंका होते, शिल्लुक होते, सगळ्या वेगवेगळ्या जमाती. एक रायफल आत गेली असती तर तळावरच मुडदे पडले असते.

फाटकावर माझी ड्यूटी होती. चौदा-पंधरा वर्षांचा एक मुलगा आला. खांद्यावर एके-४७, पट्ट्याच्या जागी नायलॉनची दोरी. मी खुणेनं सांगितलं, ही ठेव आणि आत ये. त्यानं मान हलवली. मी परत सांगितलं. मागून रांग रेटत होती. मी त्याला हातानं बाजूला केलं. तो वळला आणि शहराकडे चालत गेला. एकाच पायात चप्पल होती. पुढे त्याचं काय झालं ते मला कधीच कळलं नाही. त्यानंतर दोन-तीन महिन्यांत मलाकल कितीदा तरी सरकारकडून बंडखोरांकडे आणि परत सरकारकडे गेलं. फेब्रुवारीत तर तिथल्या इस्पितळात आणि चर्चमध्ये शिरून लोक मारले.

त्या मुलावर मी गोळी झाडली नव्हती, त्याला मारलंही नव्हतं. तरी घरी आल्यावर आमचा धाकटा दप्तर घेऊन दारातून बाहेर पडला की मला दरदरून घाम फुटायचा. हे कुणाला सांगायचं? आमचे तात्या, म्हणजे सख्खे चुलते, एकाहत्तरच्या लढाईतले. पारावर चारचौघांत म्हणाले, "आरं, तू लढाईवर न्हवतास गेला. डॉलर आणाय गेलतास." सगळे हसले, मीही हसलो. त्यानंतर चार वर्षं मी या विषयावर तोंड उघडलं नाही.

डॉलर मिळाले हे खरं आहे. घराचा स्लॅब त्यातूनच पडला. पण तात्यांना मी तेव्हा द्यायला हवं होतं ते उत्तर इथे देतो. मलाकलच्या आधी पाचच दिवस, १९ डिसेंबरला, अकोबोच्या तळावर आसऱ्याला आलेल्या लोकांना वाचवताना दोन भारतीय जवान गेले. कॅप्टन गुरबचन सिंग सलारियांना परमवीर चक्र मिळालं ते १९६१ सालच्या लढाईसाठी, तुमचे वडील होते त्याच काँगोतल्या. यूएनच्या निळ्या टोपीत दीडशेहून जास्त भारतीय कामी आले आहेत. ही लढाई नव्हती म्हणणाऱ्यानं एक रात्र त्या फाटकावर काढावी.

लिहिण्याचं मला एका डॉक्टरांनी सांगितलं. जेम्स पेनेबेकर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९८६ साली विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, मनातली सल लिहायला लावली होती. लिहिल्यावर लगेच त्यांना वाईटच वाटलं, पण पुढच्या काही महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. मी पोवई नाक्यावरून दोनशेपानी वही आणली. पहिल्या खेपेला नुसता हुकूम आणि बंदोबस्त लिहिला. दुसऱ्या खेपेला त्या मुलाच्या तोंडी वाक्यं घातली, जी तो बोललाच नव्हता. "मी त्याला हातानं बाजूला केलं" हे पाच शब्द कागदावर यायला मला पाच महिने लागले. त्या रात्री अंगात कणकण होती. पण पुढे हळूहळू सलग चार तास झोप यायला लागली. माझ्यासाठी ती फार मोठी गोष्ट आहे.

एकानं दिवाळी अंकासाठी ते मागितलं आणि शेवटी थोडं शौर्य घाला म्हणाला. मी दिलं नाही. वडिलांचं लिखाण तुम्हीही छापायच्या मागे लागू नका, आणि त्यांनी हातात दिल्याशिवाय वही उघडू नका. सुरुवात करून द्यायचीच असेल तर एवढंच विचारा की त्या दिवशी तुमच्या हातात काय होतं, समोर कोण उभं होतं.

साताऱ्याजवळ अपशिंगे मिलिटरी आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान कामी आले, त्यांचं स्मारक आहे. जे जिवंत परत आले त्यांना झोप लागायची का, हे कुणी विचारलं असेल असं मला वाटत नाही. तुम्ही विचारताय, म्हणून एवढं लांबलचक लिहिलं.

आणि हे खरं तर आधी सांगायला हवं होतं. वडील दारूत बुडाले असतील किंवा जिवाचं बरंवाईट करण्याचं बोलत असतील तर वही बाजूला ठेवा, आधी डॉक्टर. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, दिवसरात्र लागतो, मराठीत बोलतात. वही मला डॉक्टरांकडे गेल्यावर मिळाली, आणि डॉक्टरांकडे मी चार वर्षं उशिरा गेलो, तात्या काय म्हणतील म्हणून. तुम्ही आजच फोन करा.