वाचकांचे प्रश्न : एमआरआयमधला डाय कमी करता येईल का?

प्रश्न : वडिलांच्या मेंदूतल्या गाठीवर उपचार झालेत. दर 3 महिन्यांनी पर्फ्युजन एमआरआय (गाठीतला रक्तपुरवठा मोजणारी तपासणी) होतो, त्यात दोनदा डाय टोचतात. वजन 60 किलो. प्रमाण कमी होईल का?
– एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : बऱ्याचदा होतं. डाय मेंदूतून जाताना एमआरआयचा सिग्नल घसरतो आणि त्या घसरणीवरून रक्ताचं प्रमाण मोजतात. पण गाठीतल्या नव्या रक्तवाहिन्या गळक्या असतात. डाय रक्तवाहिन्यांबाहेर, पेशींच्या मधल्या जागेत झिरपला की सिग्नल वाढतो आणि रक्ताचं प्रमाण खरं आहे त्यापेक्षा कमी दिसतं. ते टाळायला पहिला डोस आधीच देऊन ठेवतात. पण 3 टेस्ला (चुंबकाची ताकद) मशीनवर फ्लिप अँगल 30 अंश आणि इको टाइम 30 मिलिसेकंदांच्या आसपास ठेवला (ही दोन्ही मशीनची सेटिंग्ज), वर गळतीचं गणिती करेक्शन लावलं, तर एकच डोस पुरतो. म्हणजे किलोमागे 0.1 मिलिमोल, 60 किलोला नेहमीच्या, मिलीमागे 0.5 मिलिमोल ताकदीच्या डायचे 24 ऐवजी 12 मिली. दुप्पट ताकदीच्या डायचे 6 मिली म्हणजेही तेवढाच डोस, ती बचत समजू नका.

हा एकच डोस आणखी निम्मा करणं मात्र जपून. सिग्नलची घसरण उथळ होते, रक्ताच्या प्रमाणाचा नकाशा खरखरीत येतो, 1.5 टेस्लावर तर हे टाळाच.

डाय टोचण्याच्या वेगाकडेही लक्ष हवं. सेकंदाला 4–5 मिली, लगोलग त्याच वेगाने 20 मिली सलाइन. बारीक निळ्या कॅन्युलाऐवजी (शिरेत घालायची नळी) जाड गुलाबी किंवा हिरवी, कोपराजवळच्या शिरेत. वेग मंदावला तर पूर्ण डोसही वाया जातो.

ईजीएफआर (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा रक्ततपासणीतला आकडा) 30 च्या खाली असेल तर आधीच सांगा आणि मॅक्रोसायक्लिक डायच (ज्यात गॅडोलिनियम धातू कड्यासारख्या रेणूत घट्ट धरलेला असतो) मागा. पद्धत बदलली की जुन्या आकड्यांशी थेट तुलना करू नका.