‘मॅडम, माझीही पिशवी काढावी लागेल का?’

लातूरला शिकवणीसाठी बीड, धाराशिव, नांदेडकडून मुली येतात, हॉस्टेलवर नाहीतर खोली करून राहतात. समुपदेशनाला आलेल्या या मुली आणि त्यांच्या आया सगळ्यात जास्त विचारतात तो प्रश्न अभ्यासाचा नसतो. बोलणं संपवून उठता उठता, आवाज खाली करून विचारतात: पाळीत पोरगी अंथरुणातून उठत नाही, एवढं दुखणं बरोबर आहे का? आणि गोळ्या घेतल्या तर पुढं मूलबाळ व्हायला अडचण तर नाही ना येणार?

वैष्णवीची गोष्ट सांगते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. ती बारावीला, नीटची तयारी करणारी. सरांनी चिठ्ठी देऊन पाठवलं होतं: ‘टेस्टला घाबरते. मोटिव्हेशन द्यावे.’ रविवारच्या टेस्टला ती मधूनमधून गैरहजर असायची. वॉर्डनकडे प्रत्येक वेळी निरोप एकच, पोट बिघडलंय.

परीक्षेच्या भीतीनं पोटात गोळा येणारी मुलं मी रोज बघते. पण ती भीती दर रविवारी येते, महिन्याच्या अंतरानं येत नाही. वैष्णवीच्या गैरहजेरीच्या तारखा मागवल्या आणि कॅलेंडरवर मांडल्या. दोन तारखांमध्ये कधी अठ्ठावीस दिवस, कधी पस्तीस, कधी त्याच्या दुप्पट. कॅलेंडर तिच्यासमोर सरकवलं आणि विचारलं, “ही तुझी डेट आहे का गं?” ती टेबलाकडे बघत राहिली. मग म्हणाली, “सरांना कसं सांगणार, मॅडम?”

नंतर मात्र भडाभडा बोलली. पहिल्या दिवशी ओटीपोटात पिळवटून येतं, कंबर आणि मांड्या भरून येतात, घाम फुटतो, दोन-तीन उलट्या, वर जुलाब. म्हणजे पोट बिघडल्याचा निरोप अगदीच खोटा नव्हता. पाळीच्या सुमारास गर्भाशयाच्या आतल्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार होतात. त्यांनी गर्भाशयाचे स्नायू जोरानं आवळले जातात, तिथला रक्तपुरवठा तेवढ्यापुरता कमी होतो आणि कळ येते. हीच द्रव्यं आतड्यांनाही हलवतात, म्हणून मळमळ, जुलाब. ज्यांची जास्त तयार होतात, त्यांना जास्त दुखतं. यात मनाचा कमकुवतपणा कुठं आला? निम्म्याहून अधिक तरुण मुलींना पाळीत कमीजास्त दुखतंच. त्यांतल्या काहींना इतकं, की उभं राहवत नाही.

“मग गोळी घेतेस का?” असं विचारल्यावर ती चाचरली. घेते, पण अगदीच सहन होईना तेव्हा. तीही अर्धी. तीही उपाशीपोटी, कारण पहिल्या दिवशी मेसचं जेवण जात नाही. मग ती गोळी उलटीतून बाहेर पडते आणि ‘मला गोळी लागू पडत नाही’ असा निष्कर्ष निघतो. आजीनं बजावलेलं होतं की गोळ्यांनी वांझपण येतं.

मी डॉक्टर नाही, गोळ्या लिहून देत नाही. पण गोळीचं काम कसं चालतं एवढं समजावून सांगणं माझ्या कामात बसतं. आयबुप्रोफेन, मेफेनॅमिक ॲसिड (मुली जिला मेफ्टाल म्हणून ओळखतात) या गोळ्या प्रोस्टाग्लँडिन तयार होणंच रोखतात. कळा शिगेला पोचल्यावर त्या घेणं म्हणजे दूध उतू गेल्यावर गॅस बंद करणं. दुखायची चाहूल लागताच, काहीतरी खाऊन, डॉक्टरांनी सांगितलेल्या अंतरानं एक-दोन दिवस घेतल्या तर उपयोग होतो. पाळीच्या त्या दिवसांत घेतलेल्या गोळ्यांमुळे पुढे मूल होत नाही, ही भीती निराधार आहे. मात्र ज्यांना दमा आहे, ॲसिडिटीचा किंवा अल्सरचा त्रास आहे, मूत्रपिंडाचं काही आहे, त्यांनी विचारल्याशिवाय घेऊ नयेत. भारतीय औषधसंहिता आयोगानं २०२३च्या नोव्हेंबरमध्ये मेफेनॅमिक ॲसिडबद्दल सावधगिरीचा इशाराही दिला होता. क्वचित कोणाला तिची गंभीर ॲलर्जी होते. अंगावर पुरळ, ताप, गाठी सुजणं असं काही दिसलं तर गोळी थांबवून लगेच डॉक्टरांकडे जायचं. मैत्रिणीच्या पाकिटातली गोळी घेऊ नये ती यासाठी.

इथे एक गंमत सांगते. दुखण्याची गोळी ‘सवय लागेल’ म्हणून नाकारणारी घरं सत्यनारायणाला किंवा लग्नाला पाळी पुढं ढकलायची गोळी मेडिकलमधून बिनदिक्कत आणतात. ती हार्मोनची गोळी असते. काहींना तिच्यामुळे रक्ताच्या गुठळ्यांचा धोका असतो, आणि तीच खरं तर डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायची नसते. नीटच्या दिवशी पाळी येईल अशी भीती असेल तर मे महिन्यात धावपळ करू नका, महिना-दीड महिना आधी डॉक्टरांशी बोला.

वैष्णवीच्या मनातली खरी भीती दुसऱ्या भेटीत बाहेर आली. तिची मावशी ऊसतोडीला जाते. तिशीच्या आत तिची पिशवी काढलेली. गावात अशा आणखी बायका. “मॅडम, आमच्या घरात पिशवीच खराब असेल तर? माझीही काढावी लागेल का?”

या भीतीची मुळं तिच्या शरीरात नाहीत, तिच्या बीड जिल्ह्यात आहेत. बीडमधल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९मध्ये गाजला आणि शासनानं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. सर्वेक्षणात ८२ हजारांवर महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. फडावर खाडा झाला की मुकादम पैसे कापतो. आंघोळीला आडोसा नाही, संडास नाही. अंगावरून जातंय, पोट दुखतंय म्हणून गेलं की काही दवाखाने कॅन्सरची भीती घालत आणि ऑपरेशन सांगत. त्या बायकांच्या पिशव्या पिढीजात खराब नव्हत्या. मी वैष्णवीला हे जसंच्या तसं सांगितलं. पाळीत दुखतं म्हणून कोवळ्या वयाच्या मुलीचं गर्भाशय काढायचं नसतं, आणि असं कोणी सुचवलं तर तिथून उठून दुसऱ्या डॉक्टरांकडे जायचं, हेही सांगितलं.

तिची आई भेटायला आली तेव्हा वेगळाच अडसर निघाला. “लगीन व्हायच्या आधी बायांच्या डॉक्टरकडं नेलं तर लोक काय म्हणतील? आणि आतून तपासतेत म्हणं.” ताईंना समजावलं की अविवाहित मुलीची आतून तपासणी सहसा करतच नाहीत, भरपूर पाणी पाजून पोटावरून सोनोग्राफी होते. सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी ‘मैत्री क्लिनिक’ असतं, तिथं मोफत सल्ला मिळतो, हेही त्यांना नवीन होतं. शेवटी मायलेकी गेल्या. सोनोग्राफीत काही निघालं नाही. हिमोग्लोबिन मात्र कमी निघालं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९–२१) १५ ते १९ वयोगटातल्या ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आढळला होता, तेव्हा आश्चर्य नाही. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या आणि दुखण्याची गोळी कधी, कशी घ्यायची ते डॉक्टरांनी लिहून दिलं. गरम पाण्याची पिशवी वॉर्डनच्या परवानगीनं खोलीत आली. शेकानं बरं वाटतं ते आजीबाईंचं समाधान नव्हे. अभ्यासांत शेकाचा गुण आयबुप्रोफेनच्या तोडीचा आढळला आहे.

उरले सर. “एकीला सवलत दिली तर सगळ्याच पोरी पोटदुखी सांगतील,” हे त्यांचं म्हणणं. मी त्यांना केरळचं उदाहरण दिलं. तिथं २०२३मध्ये विद्यापीठांतल्या मुलींसाठी हजेरीची अट ७५वरून ७३ टक्के केली, म्हणून वर्ग ओस पडले नाहीत. हुकलेली टेस्ट सोमवारी देता यावी, मुलाला ताप आला असो वा मुलीला पाळी, आणि कारण वर्गासमोर विचारू नये, एवढंच मागितलं. पहिली गोष्ट त्यांनी मान्य केली. दुसरीला वेळ लागला.

वैष्णवीचं दुखणं संपलेलं नाही. उलट्या थांबल्या आहेत. ती वहीत तारखा, दुखण्याला दहापैकी गुण, घेतलेली गोळी असं लिहिते. बहुतेक रविवारी टेस्टला बसते. मध्ये एकदा बसली नाही, सोमवारी दिली.

सगळ्याच मुलींचं इतक्यावर भागत नाही. त्याच सुमारास आलेल्या दुसऱ्या एका मुलीची वही वेगळं सांगत होती. दुखणं दर महिन्याला वाढतंय, पाळीच्या आठवडाभर आधी सुरू होतंय, संडासला बसताना कळ येते, रक्तस्राव एवढा की पॅड तासाभरात भिजतं. गोळ्या नीट घेऊनही तीन महिन्यांत फरक नाही. साधी पाळीची पोटदुखी सहसा आयुष्यातली पहिली पाळी आल्यावर सहा महिने ते दोन वर्षांनी सुरू होते, दर पाळीत पहिले दोन-तीन दिवस राहते आणि जाते. हिचं तसं नव्हतं. सोनोग्राफी नॉर्मल म्हणून तिला आधी ‘टेन्शन घेऊ नकोस’ एवढंच ऐकवून परत पाठवलं होतं. पण एंडोमेट्रिओसिस सोनोग्राफीत दिसेलच असं नाही. गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर बाहेर इतरत्र वाढण्याचा हा आजार, आणि त्याचं निदान व्हायला अनेकींची वर्षं जातात. तिला वही हातात देऊन दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांनी पानं उलटून वाचली, तपासलं आणि हार्मोनच्या गोळ्या सुरू केल्या. ‘या तर मूल न होऊ देणाऱ्या गोळ्या’ म्हणून तिचे वडील हादरले होते. या गोळ्या इथे दुखण्यासाठी आहेत, थांबवल्या की पाळी पुन्हा पहिल्यासारखी येते, हे डॉक्टरांनी फोनवर त्यांना स्वतः सांगितलं. पुढची तपासणी दिवाळीनंतर आहे, आणि तिच्याबरोबर या वेळी वडील जाणार आहेत.